शॅमिनाड ७७, व्हर्जिनिया ७२: होनोलुलूतल्या एका रात्रीचं प्रकरण

२३ डिसेंबर १९८२ची संध्याकाळ. नाताळ दोन दिवसांवर आलेला. होनोलुलूच्या ब्लेझडेल अरीनात साडेतीन हजारांच्या आसपास प्रेक्षक होते, निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. बास्केटबॉलच्या या सामन्याचं टीव्हीवर थेट प्रक्षेपण नव्हतं. एका बाजूला व्हर्जिनिया विद्यापीठ: देशात पहिल्या क्रमांकावर, त्या मोसमात आठपैकी आठ सामने जिंकलेलं. दुसऱ्या बाजूला शॅमिनाड: हजारभरही विद्यार्थी नसलेलं होनोलुलूतलंच एक कॅथलिक कॉलेज. सामना संपला तेव्हा फलकावर शॅमिनाड ७७, व्हर्जिनिया ७२ असे आकडे होते.

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमधल्या सर्वांत मोठ्या धक्क्यांची यादी कुणीही करायला घेतली की हा निकाल वरच्या दोन-तीन नावांत असतोच. पण सांगताना तो नेहमी चमत्कार म्हणून सांगितला जातो: छोट्यांनी मोठ्यांना हरवलं, देवाची करणी. मला हे पटत नाही. चमत्कार म्हटलं की शॅमिनाडच्या मुलांनी त्या रात्री प्रत्यक्षात काय खेळ केला, ते कुणी बघत नाही. आणि बघण्यासारखं खरं तिथेच आहे.

आधी व्हर्जिनियाचं वजन किती होतं ते समजून घ्यायला हवं. हे विद्यापीठ थॉमस जेफरसननं १८१९ साली स्थापन केलेलं. तो इतिहास बाजूला ठेवला तरी १९८२च्या डिसेंबरात तिथे राल्फ सॅम्पसन शेवटच्या वर्षाला होता, एवढं पुरेसं आहे. उंची ७ फूट ४ इंच. एवढ्या उंचीचे खेळाडू बहुधा रिंगखाली खांबासारखे उभे राहतात. सॅम्पसन तसा नव्हता. तो धावायचा, चेंडू हाताळायचा, लांबून शॉटही मारायचा. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारा नेस्मिथ पुरस्कार त्याला १९८१, १९८२ आणि १९८३ असा लागोपाठ तीन वर्षं मिळाला. १९८३च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजमधले नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, ह्यूस्टन रॉकेट्सनं सर्वांत पहिली निवड त्याचीच केली. शिवाय व्हर्जिनिया म्हणजे एकटा सॅम्पसन नव्हे. ओथेल विल्सनसारखा गार्ड, म्हणजे रिंगपासून लांब राहून चेंडू खेळवणारा खेळाडू, होता, आणि पुढे २०११मध्ये डॅलस मॅव्हरिक्सला एनबीए विजेतेपद मिळवून देणारा प्रशिक्षक रिक कार्लाइल तेव्हा याच संघात खेळत होता.

या सामन्याच्या बारा दिवस आधी, ११ डिसेंबरला, वॉशिंग्टनजवळच्या लँडओव्हरमध्ये व्हर्जिनियानं जॉर्जटाउनला ६८-६३ असं हरवलं होतं. जॉर्जटाउनकडे पॅट्रिक यूइंग होता. सॅम्पसन विरुद्ध यूइंग ही लढत सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिली. सॅम्पसननं २३ गुण आणि १६ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर उडालेला चेंडू पकडणं) घेतले, आणि या मुलापुढे सध्या कुणी नाही, यावर शिक्कामोर्तब झालं. तिथून संघ जपानला गेला. टोकियोत सॅम्पसन आजारी पडला आणि ह्यूस्टन विद्यापीठाविरुद्ध खेळू शकला नाही. तरीही व्हर्जिनियानं ह्यूस्टनला ७२-६३ असं हरवलं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे. युटालाही हरवून संघ परतीला निघाला आणि वाटेत हवाईत थांबला. शॅमिनाडशी सामना म्हणजे प्रशांत महासागर ओलांडतानाचा एक मुक्काम होता.

शॅमिनाडचं कॉलेज होनोलुलूच्या काइमुकी भागात टेकडीवर आहे. १९५५ साली मारियानिस्ट पंथाच्या धर्मबंधूंनी ते सुरू केलं आणि पंथाच्या संस्थापकाचं नाव त्याला दिलं. संघाचं नाव सिल्व्हरस्वोर्ड्स. सिल्व्हरस्वोर्ड ही हवाईच्या ज्वालामुखी डोंगरांवर, अगदी उंचावर उगवणारी रुपेरी पानांची दुर्मीळ वनस्पती. जिथे गवत तगत नाही तिथे ती वर्षानुवर्षं तग धरते आणि आयुष्यात एकदाच फुलते. आपल्या कारवीसारखीच: फुलली की संपली. संघाला हे नाव ज्यानं दिलं, त्याच्या मनात नेमकं काय होतं ते असो. नाव मात्र चपखल बसलं.

तेव्हा शॅमिनाड एनसीएए या मोठ्या विद्यापीठांच्या क्रीडा संघटनेत नव्हतं. ते छोट्या कॉलेजांच्या एनएआयए या वेगळ्या संघटनेत खेळायचं. व्हर्जिनिया ज्या स्पर्धेसाठी वर्षभर झटायचं, त्या स्पर्धेचं दार शॅमिनाडला उघडंच नव्हतं. प्रशिक्षक मर्व्ह लोपीस दिवसा शाळेत समुपदेशक म्हणून काम करायचे, आणि ते आटोपलं की संघाचा सराव. व्हर्जिनियाशी खेळण्याच्या थोडेच दिवस आधी हा संघ टेक्सासमधल्या वेलंड बाप्टिस्टकडून हरला होता. तेही एनएआयएतलंच कॉलेज. म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या संघासमोर उभं राहताना हे काही विजयाच्या लाटेवर स्वार झालेलं पथक नव्हतं. एनएआयएच्या पातळीवर मात्र संघ चांगला होता. ही गोष्ट नेहमी गाळली जाते, कारण ती सांगितली की चमत्काराची चमक कमी होते.

आता मुख्य प्रश्न. समोर ७ फूट ४ इंचांचा माणूस असेल तर छोट्या संघानं करायचं काय?

त्या काळात याचं एक ठरलेलं उत्तर होतं: चेंडू अडवून धरा. अमुक सेकंदांत शॉट मारलाच पाहिजे, असा देशभर लागू असलेला नियम १९८२-८३मध्ये नव्हता. काही विभागांनी आपापल्या सामन्यांत तो करून पाहायला सुरुवात केली होती, पण राष्ट्रीय पातळीवर ४५ सेकंदांची मर्यादा १९८५-८६च्या मोसमात आली. तीन गुणांची रेषा तर त्याच्याही पुढच्या वर्षी. त्यामुळे कमजोर संघ चेंडू आपसात फिरवत मिनिटामागून मिनिटं काढायचा. गुण जितके कमी, तितका नशिबाचा वाटा जास्त. आणि हे काही फक्त कमजोर संघच करायचे असं नाही. १९८२च्या मार्चमध्ये, म्हणजे त्याच वर्षी, अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या व्हर्जिनियाच्या विभागाच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनानं व्हर्जिनियाविरुद्ध हाच मार्ग धरला होता. त्यांच्याकडे मायकेल जॉर्डन होता, जेम्स वर्दी होता, आणि काही आठवड्यांनी तोच संघ राष्ट्रीय विजेता होणार होता. तरीही प्रशिक्षक डीन स्मिथनी उत्तरार्धात थोडी आघाडी मिळताच सात मिनिटांच्या वर चेंडू नुसता फिरवत ठेवला. सॅम्पसन रिंगखाली ताटकळत राहिला. निकाल ४७-४५. लोक इतके चिडले की वेळमर्यादेच्या मागणीला त्या सामन्यानं मोठं बळ दिलं.

जॉर्डन आणि वर्दी हाताशी असलेल्या संघालाही सॅम्पसनपुढे घड्याळाचा आडोसा घ्यावासा वाटला. शॅमिनाडनं तो घेतला नाही. ७७ गुण! पूर्वार्ध संपला तेव्हा ४३-४३ अशी बरोबरी होती. नॉर्थ कॅरोलायनाला अख्ख्या अंतिम सामन्यात ४७ गुण पुरले होते, आणि या मुलांनी मध्यंतरापर्यंतच ४३ केले होते. हा आकडा मी कितीदा तरी पाहिला आहे, आणि दर वेळी त्याच्यापाशीच थांबतो. आपण दुबळे आहोत असं मनात धरून खेळणाऱ्या संघाचे वीस मिनिटांत ४३ गुण होत नाहीत.

हे शक्य झालं त्याचं मोठं कारण टोनी रँडॉल्फ. शॅमिनाडचा सेंटर, म्हणजे सहसा रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू; उंची साडेसहा फुटांच्या आसपास. सॅम्पसनहून नऊ-दहा इंचांनी बुटका. पण रँडॉल्फ हवाईचा नव्हता. तो व्हर्जिनियातल्या स्टॉन्टनचा. सॅम्पसनचं गाव हॅरिसनबर्ग. दोन्ही गावं शेनंदोआ खोऱ्यात, एकमेकांपासून चाळीसेक किलोमीटरवर. शाळेच्या संघांतून हे दोघं एकमेकांविरुद्ध खेळले होते. बाकी सगळ्या देशाला सॅम्पसन मासिकांच्या मुखपृष्ठांवरून माहीत होता. रँडॉल्फला तो शाळेच्या मैदानावरून. त्याचा खांदा कुठे वळतो, त्याला चेंडू कुठे मिळाला की आवडतो आणि कुठे मिळाला की अडचण होते, हे अंगावर घेऊन शिकलेलं ज्ञान होतं. भीती निम्मी अनोळखीपणातून येते. रँडॉल्फच्या बाबतीत तो भागच नव्हता.

रँडॉल्फनं रिंगपासून लांब उभं राहून जंप शॉट मारले. ऐकायला साधं वाटतं, पण यातच सगळी किल्ली आहे. सॅम्पसनसारखा सेंटर बचावात सर्वांत उपयोगी पडतो तो रिंगजवळ उभा असताना. तिथे त्याला हात नुसते वर करावे लागतात. आत घुसणाऱ्याला शॉट दिसतच नाही. आता त्याच्यावर नेमून दिलेला माणूस पंधरा-सतरा फुटांवर जाऊन उभा राहिला आणि तिथून चेंडू आत टाकू लागला, तर दोनच वाटा उरतात. आत थांबायचं आणि रँडॉल्फला मोकळे शॉट द्यायचे, किंवा बाहेर यायचं आणि रिंगखालची जागा सोडायची. आत थांबलं तर रँडॉल्फचे गुण, बाहेर आलं तर इतरांना वाट मोकळी. तीन गुणांची रेषा नसताना लांबून शॉट मारण्याचा वेगळा मोबदला काहीच नव्हता. लांबूनही दोन, जवळूनही दोन. म्हणजे शॅमिनाड लांबून मारत होतं ते जास्त गुणांच्या लोभानं नव्हे, जागा मोकळी करण्यासाठी. सेंटरनं बाहेर उभं राहून समोरच्या उंच माणसाला ओढून काढायचं, हे आज जगभर शिकवलं जातं. १९८२मध्ये एका समुपदेशक-प्रशिक्षकाच्या संघानं ते देशातल्या सर्वांत मोठ्या खेळाडूविरुद्ध करून दाखवलं. रँडॉल्फचे १९ गुण झाले.

आणि सॅम्पसनचे? १२ गुण, १७ रिबाउंड. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचायला हवेत. आजारातून उठलेला, गळून गेलेला माणूस १७ रिबाउंड घेत नाही. त्या मोसमात तो सामन्याला सरासरी एकोणीसच्या आसपास गुण करत होता, इथे बारा. म्हणजे चेंडू रिंगवरून उडाला की तो त्याच्या हातात येत होता. पण सहकाऱ्यांनी त्याला द्यायचा म्हटलं की तितक्या सहज पोहोचत नव्हता. सॅम्पसनचं शरीर थकलं होतं, हे स्पष्टीकरण रिबाउंडच्या आकड्याला लागू पडत नाही. त्याच्यापर्यंत चेंडू जाऊ दिला नाही, हे स्पष्टीकरण दोन्हींना लागू पडतं.

उत्तरार्धात व्हर्जिनियानं आघाडी घेतली. असे बहुतेक सामने इथेच संपतात: छोटा संघ अर्धा वेळ झुंजतो, मग मोठ्यांचं बळ चालू लागतं, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘कडवी झुंज’ असे दोन शब्द येतात. शॅमिनाडनं अंतर भरून काढलं. त्या भरात एक क्षण असा आला की होनोलुलूत अजून लोक तो सांगतात. मार्क रॉड्रिग्जनं रिंगच्या दिशेनं चेंडू हवेत उंच सोडला, आणि गार्ड टिम डनहॅमनं उडी मारून तो हवेतच पकडून थेट डंक केला, म्हणजे वरून रिंगमध्ये कोंबला. सॅम्पसनच्या डोक्यावरून. याला अॅली-ऊप म्हणतात, आणि ही सहसा मोठ्या संघांनी लहानांची केलेली फजिती असते. इथे ती उलटी झाली. गुण दोनच मिळाले. पण रिंगखालची ती जागा सॅम्पसनच्या मालकीची आहे, हे तोवर सगळ्या अरीनानं गृहीत धरलं होतं, आणि एका गार्डनं ते त्याच्या डोळ्यांदेखत मोडून काढलं. त्यानंतर शेवटपर्यंत शॅमिनाडची मुलं घाबरली नाहीत.

बातमी पोहोचायला वेळ लागला. हवाई आणि अमेरिकेचा पूर्व किनारा यांच्यात हिवाळ्यात पाच तासांचं अंतर. सामना संपला तेव्हा व्हर्जिनियात मध्यरात्र उलटून गेलेली होती आणि बरीचशी वर्तमानपत्रं छापायला गेली होती. (आपल्याकडे २४ तारखेची दुपार होती.) ज्यांच्या टेलिप्रिंटरवर निकाल आला, त्यांना तो चुकून उलटा टाइप झाला असावा असं वाटलं. शॅमिनाड म्हणजे काय, कुठलं, उच्चार कसा करायचा, इथपासून सुरुवात.

पुढच्या काही दिवसांत कारणं शोधली गेली आणि तीच आजवर सांगितली जातात. व्हर्जिनियाची मुलं जपानच्या प्रवासानं दमली होती. झोपेची वेळ उलटीपालटी झाली होती. सॅम्पसन नुकताच आजारातून उठला होता. नाताळच्या सुट्टीचे वेध लागले होते. यातलं काहीच खोटं नाही. मोसमाच्या सुरुवातीला असे निकाल जास्त लागतात, त्यालाही कारण आहे. विभागातल्या नेहमीच्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळताना प्रत्येक संघ दुसऱ्याला पुरता ओळखून असतो. ते सामने मुख्यतः जानेवारीपासून. डिसेंबरात अनोळखी संघांशी गाठ पडते, आणि ओळख एकतर्फी असते. व्हर्जिनिया कसं खेळतं हे शॅमिनाडला माहीत होतं, कारण सगळ्या देशाला माहीत होतं. शॅमिनाड कसं खेळतं हे माहीत करून घेण्याची गरज व्हर्जिनियाला कधी पडलीच नव्हती.

पण टोकियोतला तो आकडा आता काढूया. दमलेला, परदेशात असलेला, सॅम्पसन अजिबात नसलेला हाच व्हर्जिनिया संघ ह्यूस्टनला नऊ गुणांनी हरवून आला होता. आणि ह्यूस्टन म्हणजे कोण? अकीम ओलाजुवान आणि क्लाइड ड्रेक्सलरचा संघ, जो त्याच मोसमात एप्रिलमध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. सॅम्पसनशिवाय ह्यूस्टनला हरवता येतं, आणि सॅम्पसन मैदानावर असताना शॅमिनाडकडून हार पत्करावी लागते. मग आजारपणाचं कारण किती ताणायचं? प्रवासाचा थकवा तर दोन्ही ठिकाणी होता. फरक समोरच्या संघात होता. शॅमिनाडनं सॅम्पसनसाठी उत्तर तयार ठेवलं होतं.

व्हर्जिनियाचं पुढे वाईट झालं असंही नाही. तो मोसम त्यांनी २९ विजय, ५ पराभव असा संपवला. राष्ट्रीय स्पर्धेत विभागीय अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेटकडून ते ६३-६२ असे एका गुणानं हरले, आणि त्याच स्टेटनं अंतिम सामन्यात ह्यूस्टनला ५४-५२ असं हरवून विजेतेपद घेतलं. सॅम्पसनची कॉलेज कारकीर्द राष्ट्रीय विजेतेपदाशिवाय संपली. या माणसाचं मला नेहमी वाईट वाटतं. तीन वर्षं देशातला सर्वोत्तम, आणि आठवण निघते ती होनोलुलूतल्या पराभवाची.

या पराभवातून उभं राहिलेलं एक काम मात्र दोन्ही बाजूंना शोभणारं आहे. तुम्ही इथेच एखादी स्पर्धा का भरवत नाही, हे शॅमिनाडला सुचवलं गेलं ते व्हर्जिनियाच्याच बाजूनं. एनसीएएच्या नियमांत एक सवलत होती: हवाई-अलास्कासारख्या, मुख्य भूमीपासून दूर असलेल्या ठिकाणचे सामने संघाच्या ठरलेल्या कमाल सामन्यांत मोजले जात नसत. मोठ्या संघांना जास्तीचे सामने मिळत, आणि वर हवाईचा मुक्काम. १९८४मध्ये माउई बेटावर, लाहाइना सिव्हिक सेंटरच्या जेमतेम २,४०० जणांच्या सभागृहात चार संघ जमले: शॅमिनाड, डेव्हिडसन, प्रॉव्हिडन्स आणि व्हर्जिनिया. दोन वर्षांपूर्वी ज्यांच्याकडून इतका मोठा धक्का बसला, त्यांच्याच आमंत्रणावरून व्हर्जिनियाचे प्रशिक्षक टेरी हॉलंड संघ घेऊन पुन्हा आले. शॅमिनाडनं डेव्हिडसनला हरवलं आणि अंतिम सामना प्रॉव्हिडन्सला अगदी थोडक्यात गमावला. हीच पुढे माउई इन्व्हिटेशनल झाली, मोसमाच्या सुरुवातीची सर्वांत मानाची स्पर्धा. तिथे यजमान शॅमिनाडनं बहुतेक सामने हरले, पण २००३मध्ये व्हिलानोव्हा, २०१०मध्ये ओक्लाहोमा, २०१२मध्ये टेक्सास, २०१७मध्ये कॅलिफोर्निया अशी मोठी नावं अधूनमधून त्यांच्या हाती लागत राहिली.

ऑगस्ट २०२३मध्ये लाहाइना गाव वणव्यात जळून गेलं, शंभरच्या आसपास माणसं गेली. त्या वर्षीची स्पर्धा होनोलुलूला हलवावी लागली. म्हणून एकेचाळीस वर्षांनी तेच शहर, मैदान वेगळं, आणि शॅमिनाडसमोर पुन्हा देशातला पहिल्या क्रमांकाचा संघ: या खेपेला कॅन्सस. शॅमिनाड ८३-५६ असं हरलं.